दोघींना मिळून एकच रुग्ण मानणेबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी
(एकत्रीकरणानंतर ज्यांच्याकडे प्रभार उरला असेल ते),
संयुक्त हृदयोपचार व औषधचाचणी कार्यालय,
इंदूर, मध्य प्रदेश.

अर्जदार : श्रीकांत वामन खरगोणकर, सेवानिवृत्त आवक-जावक लिपिक, राहणार इतवारा, बऱ्हाणपूर.

विषय : हृदयाची झडप बदललेल्या दोन स्त्री-रुग्णांस औषधचाचणीतून वगळण्याचा आदेश रद्द करून दोघींना मिळून एकच रुग्ण मानणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ज्यावर जावक क्रमांक नाही, तारखेत खाडाखोड आहे आणि सही कोणाची हे सही करणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

महोदय,

१. आपले पत्र हिंदीत आले, हा अर्ज मराठीत आहे. मला हिंदी येत नाही असा समज करून घेऊ नये. तहसील कचेरीत हयात घालवली ती हिंदीतच. परंतु रागावून लिहायचे असेल तर माणसाने आपल्या भाषेत लिहावे, नाहीतर राग अर्ध्या वाटेत सौजन्याकडे वळतो. आपल्याकडे मराठी वाचणारे कोणी नसल्यास बऱ्हाणपूरच्या कोणत्याही रुग्णाला आत बोलावून वाचून घ्यावे. बाहेरच्या बाकावर ते सकाळपासून बसलेलेच असतात.

२. माझी ओळख म्हणून एवढेच, की मी जन्मभर इतरांचे अर्ज हाताळले आहेत. अर्ज कसा मरतो हे मला कोणी शिकवू नये. तो फाडत नाहीत, नाकारतही नाहीत. त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून शेजारच्या टेबलावर सरकवतात, आणि चर्चा कोणी कोणाशी करावी हे लिहीत नाहीत. आपल्या कार्यालयात हृदयोपचाराचा विभाग आणि औषधचाचणीचा विभाग एक झाल्यापासून तर ही सोय फारच वाढली आहे. हृदयवाले म्हणतात चाचणीवाल्यांना विचारा, चाचणीवाले म्हणतात हृदयवाल्यांना विचारा, आणि दोघे एकाच खोलीत बसतात. म्हणून या अर्जाच्या दोन प्रती पाठवीत आहे. त्यांनी त्या एकमेकांकडे सरकवाव्यात.

३. आता हकीकत. माझी पत्नी सौ. सुलभा हिच्या हृदयाची एक झडप आकसली होती. गेल्या हिवाळ्यात आपल्याच रुग्णालयात ती बदलण्यात आली. शेजारच्या खाटेवर आमच्या बऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्याचे केळीबागाईतदार श्री. गिरधर पाटील यांची पत्नी सौ. सोजरबाई होत्या. आजार तोच, झडप तीच, शस्त्रक्रिया करणारे हातही तेच. सोजरबाईंचा आवाज मात्र शस्त्रक्रियेनंतरही शाबूत होता. घरच्या म्हशीपासून सुनेच्या माहेरापर्यंत सर्व विषय त्या झोपून हाताळत. सौ.ला विश्रांती मिळावी म्हणून खाट बदलून देण्याचा लेखी अर्ज मी त्याच दिवशी दिला. आपल्या कार्यालयाच्या रीतीप्रमाणे त्याचे पुढे काहीही झाले नाही. त्याबद्दल मी आपला आभारी आहे. आपल्या कार्यालयाचे आभार मानण्याचा हा एकच प्रसंग असल्याने तो नोंदवून ठेवतो.

४. घरी सोडताना आपल्या डॉ. वंदना यांनी आम्हां चौघांना बसवून समजावले, की इतकी वर्षे अडकलेले दार ढकलून ढकलून हृदय थकले आहे. दार नवे बसवले तरी थकवा लगेच जात नाही. हृदय दुबळे झालेल्या रुग्णांसाठीचे एक नवे औषध झडप बदललेल्यांना दिले तर ते लवकर सावरतात का, हे पाहायचे आहे. औषध अजून दुकानात मिळत नाही. निम्म्या रुग्णांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कोणाला कोणती, हे रुग्णाला ठाऊक नसेल आणि डॉक्टरांनाही नसेल. मी विचारले, मग ठाऊक कोणाला? त्या म्हणाल्या, संगणकाला. मी जन्मभर अशाच व्यवस्थेत नोकरी केली असल्यामुळे मला त्यात नवल वाटले नाही आणि आम्ही सह्या केल्या. डॉ. वंदना सज्जन आहेत, एवढे येथे लिहितो. पुढे त्यांच्याबद्दल पुन्हा लिहायचे आहे.

५. पहिल्या बाटल्या दोघींनी आपापल्या घरी नियमाने संपवल्या. त्या अवधीत सोजरबाई आमच्याकडे येऊ-जाऊ लागल्या होत्या. दोघींपैकी एक आमच्या घरचा जिना न थांबता चढू लागली, आणि दुसरी तिसऱ्या पायरीवर बसून कठड्याला डोके टेकत असे. कोण कोणती, हे मी या अर्जात लिहिणार नाही. डॉ. वंदना म्हणाल्या, नुसत्या नव्या झडपेनेही कोणाला लवकर बरे वाटते, कोणाला उशिरा. त्यावरून काही ठरवू नका. आम्ही काही ठरवले नाही. त्या दोघींनी ठरवले.

६. दुसऱ्या बाटल्या घेऊन आम्ही इंदूरहून बसने परतत होतो. घाटाच्या अलीकडे बस चहासाठी थांबली आणि थांबूनच राहिली. ती का थांबली याचा जाब मी खाली उतरून क्लीनरला विचारत होतो. तेवढ्या वेळात बसमध्ये पुढील प्रकार घडला. सोजरबाई सौ.ला म्हणाल्या, “एकीले औषीद अन् एकीले नुसती गोळी? एका पंगतीत असं कोनी वाढते का? आना ताई तुमची बाटली.” सौ.ने पोळ्यांचा रिकामा डबा पुढे केला. दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या गेल्या. झाकण लावून डबा हलवला, आणि मग एक तुला, एक मला असे करून गोळ्या परत बाटल्यांत भरल्या. मी परत येऊन बसलो तेव्हा दोघी खिडकीबाहेर पाहत होत्या. बायका इतक्या गप्प बसल्यावर काहीतरी झाले असणार, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. परंतु माझे डोके क्लीनरच्या उद्धटपणाने तापलेले होते.

७. आपल्या माणसांनी यास ‘अज्ञान’ म्हटले आहे. ते अज्ञान नव्हे, रीत आहे, आणि ती आपणांस माहीत नसेल तर अज्ञान कोणाचे हे आपणच ठरवावे. श्रावणात या भागातील शेतकऱ्यांच्या घरी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करतात. घरातल्या एकेकाचे नाव घेऊन मुठीने गहू टोपलीत टाकतात आणि सगळे एकत्र दळतात. दळल्यावर हे पीठ कोणाच्या नावाचे, हे विचारायचे नसते. ते रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत. सोजरबाईंनी गोळ्यांचे तेच केले. आमच्या घरी कानबाई नाही. आमच्याकडे प्रत्येक जिन्नसाचा वेगळा डबा आणि त्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी असते. म्हणून मला हा प्रकार कळला तेव्हा मीही आपल्याइतकाच संतापलो होतो. फरक इतकाच, की मला जेवायला घरीच जायचे होते.

८. पुढचे आपणांस माहीत आहे, कारण ते आपल्याच टेबलावर घडले. जुलैच्या तपासणीला आपल्या तरुण समन्वयकांनी यंत्रातून काढल्यासारखा प्रश्न विचारला, “आंटी, दवाई रोज ली ना? कोई छूटी तो नहीं?” सोजरबाई आनंदाने म्हणाल्या, “नाही बा, सुटंन कशी? दोघी वाटून घेतो ना. कानबाईच्या पिठावानी एकात केल्या.” तो बिचारा ‘नहीं’ असे लिहूनही मोकळा झाला होता. मग त्याचा पेन थांबला. थोड्याच वेळात त्या खोलीत इतके लोक जमले, की शस्त्रक्रियेच्या दिवशीही तितके नव्हते. दोघी बायका पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या आणि दोघींचा दम लागत नव्हता. दोघीही आपल्या दवाखान्याचा जिना चढून, मध्ये न बसता वर आल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी आपण ही चाचणी मांडली ती गोष्ट समोर बसलेली असताना जमलेल्यांपैकी एकानेही त्यांच्याकडे पाहिले नाही. सगळे बाटल्यांकडे पाहत होते.

९. त्यानंतर आपले ते पत्र. त्यात लिहिले आहे की सौ. सोजरबाई यांच्या कृत्याने चाचणी ‘दूषित’ झाली. महोदय, आपल्या रुग्णालयाच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मी स्वतः पारव्याचे पीस पाहिले आहे. दूषित हा शब्द तेथे वापरावा. माझ्या पत्नीने हात पुढे केला आणि दुसरीने त्यात मोजून गोळ्या ठेवल्या, याला आमच्या इतवाऱ्यात दुसरे शब्द आहेत. पत्रात पुढे उरलेल्या गोळ्या तात्काळ परत करण्याचा आदेश आहे. आणि सर्वांत शेवटी, लहान अक्षरांत, एक सवलत आहे. सौ. खरगोणकर सुशिक्षित असून त्यांची दिशाभूल झाली असावी. त्यांच्या बाटलीशी सौ. पाटील यांनी परस्पर छेडछाड केली असे लेखी निवेदन दिल्यास सौ. खरगोणकर यांच्यापुरता फेरविचार होऊ शकेल.

हे वाक्य ज्यांनी रचले त्यांना मी ओळखतो. त्यांना पाहिलेले नाही, पण ओळखतो. प्रत्येक कचेरीत असा एक माणूस असतो. दोन अर्जदार एकत्र आले, की तो आधी एकाला चहा पाजतो.

१०. निवेदन मी लिहिले. लपवण्यासारखे त्यात काही नाही. पत्नीचे औषध चालू राहावे असे कोणत्याही नवऱ्याला वाटेल. भाषा निर्दोष होती, समासही सोडला होता. सौ.ने तो कागद घेतला, जमिनीवर पसरला आणि त्यावर अंबाडीची भाजी निवडली. भाजी निवडून झाल्यावर म्हणाली, “लिहायचंच असेल तर लिहा, की डबा माझा होता आणि झाकणही मीच उघडलं.” त्या दिवशी जेवणात अंबाडीची भाजी होती आणि ती मला आवडत नाही, हे तिला पुरते ठाऊक आहे. यावर आमच्या घरी अधिक चर्चा झाली नाही.

११. आपल्या खात्याच्या बाजूनेही एक गोष्ट लिहिली पाहिजे. डॉ. वंदना सुटीच्या दिवशी स्वतः दापोऱ्याला आल्या. सौ. आणि मी तेथेच होतो. त्यांनी सोजरबाईंना शांतपणे सांगितले, की सगळ्यांनी अशा गोळ्या वाटून घेतल्या तर औषध चालते की नाही हे कधीच कळणार नाही, आणि तुमच्यानंतर झडप बदलणाऱ्या हजारो बायकांना ते मिळणारही नाही. सोजरबाई म्हणाल्या, “बरोबर हाये तुमचं, बाई. पन मले ते हजार दिसत नाही. मले ह्या ताई दिसतात.” दोघींचे म्हणणे येथे जसेच्या तसे उतरवले आहे, त्यावर शेरा मारलेला नाही. हा परिच्छेद येथेच थांबवतो.

१२. सध्याची स्थिती अशी. गोळ्या संपत आल्या तशा दोघींनी एक दिवस आड घ्यायला सुरुवात केली. सोजरबाईंच्या पायांवर सूज आली. इथल्या डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी दिली आहे. सूज उतरते आणि परत येते. रात्री त्यांना उशीला उशी लावून बसावे लागते. सौ.ने हे ऐकले आणि आपल्या वाट्याच्या गोळ्या घेणे बंद केले. त्या गोळ्या दापोऱ्याला जातात. त्या कोण नेऊन पोचवते, हे चौकशीत निघेलच, म्हणून आधीच लिहितो : मीच नेतो. गिरधर पाटील त्या घेतात आणि मी परतताना केळीचा घड देतात. केळी खाण्याची माझी क्षमता संपली आहे.

या महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्याकडे कानबाई बसली. सोजरबाईंनी भिंतीला टेकून बसल्या बसल्या गहू मोजले. घरातल्या सगळ्यांची नावे झाल्यावर त्यांनी सुलभा असे नाव घेऊन एक मूठ टाकली आणि नंतर माझे नाव घेऊन एक. मी हरकत घेणार होतो. आमचा त्यांच्या भाऊबंदकीशी काही संबंध नाही, ही गोष्ट कागदोपत्री सिद्ध करता येईल. पण गिरधर म्हणाले, “बाबूजी, बसा ना. रोट थंडे होऊन राह्यले.” रोट फार जाड असतात, माझ्या दातांना झेपत नाहीत. दोन खाल्ले.

१३. आता मागणी. आपल्या पत्रात म्हटले आहे की चाचणीच्या नियमांत ‘अर्धा रुग्ण’ असा प्रकार नाही. मान्य. मग दोन अर्ध्यांचा एक पूर्ण धरावा. सौ. सुलभा आणि सौ. सोजरबाई यांस यापुढे एकच रुग्ण मानून त्यांच्या नावे खऱ्या औषधाची एक बाटली मंजूर करावी. तपासणीला दोघी येतील, रक्त दोघी देतील. हृदये दोन निघाल्यास कोणते मोजायचे ते आपण ठरवावे.

ही मागणी आपणांस हास्यास्पद वाटेल, म्हणून दाखले देतो. आपली दोन कार्यालये एका कागदाने एक झाली. त्यांची कपाटे, शिपाई, पंखे एकत्र झाले. कोणता पंखा कोणत्या विभागाचा हे आता कोणी सांगू शकत नाही आणि त्यांतला एकही फिरत नाही. तेव्हा ‘दूषित’ हा शब्द कोणीही वापरला नाही. त्याहून मोठा दाखला हवा असल्यास १९५६ सालचा घ्यावा. नागपूर मुंबई राज्यात गेले, वऱ्हाड गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि राहिलेल्यांना भोपाळशी एकत्र करण्यात आले. माझे वडील कै. वामनराव यांनी नागपूरला पाठवायचा म्हणून लिहिलेला अर्ज भोपाळला पाठवला, आणि त्याचे उत्तर अजून यायचे आहे. इतक्या माणसांना न विचारता एकत्र करता येते. या दोघी तर आपल्या खुशीने एक झाल्या आहेत.

१४. हे सर्व नामंजूर करून आपण एकीलाच परत घ्यायचे म्हणाल, हेही मला माहीत आहे. कचेरी शेवटी तडजोडीवर येते आणि तिला औदार्य म्हणते. तसे असेल तर सौ. सोजरबाई पाटील यांस घ्यावे. हे मी सौ.च्या सांगण्यावरून लिहीत आहे. तिने हे वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, मी गाळीन अशी तिला शंका होती.

मला स्वतःला विचाराल तर मला भीती वाटते. सौ. हल्ली जिना चढताना पुन्हा तिसऱ्या पायरीवर बसते आणि मी आलो की उठून पायरी पुसत असल्याचे सोंग करते. मी ते पाहतो. लोकांचे अर्ज घेताना मी कधी मान वर केली नाही. समोरचा माणूस काय मागायला आला आहे हे कागदात असते, अशी माझी समजूत होती. आपण मान वर करून पाहावे, इतकीच या अर्जातली खरी मागणी आहे. बाकीचे कार्यालयीन आहे.

१५. आपल्या पत्राच्या तळटीपेत असेही म्हटले आहे की चाचणीतून बाहेर पडलेल्यांना, त्यांनी लेखी विचारल्यास, कोणत्या बाटलीत खरे औषध होते ते कळवण्यात येईल. याबाबत विनंती पुढे सोबतच्या कागदपत्रांत आहे.

नम्र राहण्याचा कसोशीने प्रयत्न केलेला,

श्रीकांत वामन खरगोणकर
इतवारा, बऱ्हाणपूर
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

रुग्णाची सही : (दोघींनी एकच पेन धरून केली आहे. त्यामुळे नीट वाचता येत नाही. आपल्या सहीपेक्षा बरी आहे.)

सोबत :

१. आपले मूळ पत्र. ठेवण्यासारखे त्यात काही न आढळल्याने परत.

२. सौ. सोजरबाईंविरुद्धचे निवेदन, बिनसहीचे. त्यावरील हिरवे डाग अंबाडीचे आहेत.

३. गोळ्यांच्या दोन बाटल्या. रिकाम्या आहेत. उरल्यासुरल्या गोळ्या दापोऱ्याला आहेत, त्या परत करता येणार नाहीत. सौ.ने बाटल्या घासून धुतल्याने वरचे क्रमांक निघून गेले, त्यामुळे कोणती कोणाची हे आमच्याकडे आता कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे ते लिहिलेले असेलच. कृपया आम्हांस कळवू नये.